पेन्साकोला बीच: वाळू इतकी पांढरी का, आणि तिथे घर घ्यावं का?

अटलांटाहून एका गृहस्थांनी तीन प्रश्न पाठवलेत. गेल्या उन्हाळ्यात ते बायको-मुलीसह फ्लोरिडातल्या पेन्साकोला बीचवर चार दिवस राहून आले. मुलीने विचारलं, ही वाळू पिठीसाखरेसारखी पांढरी कशी, खरी आहे की आणून टाकलेली? बायकोच्या मनात तिथे दोन बेडरूमचा कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, घ्यायचं आहे. आणि मे महिन्यात आई-बाबा भारतातून येणार आहेत, त्यांना तिथे पाण्यात उतरवावं का?

मी मूळचा रत्नागिरीचा. किनाऱ्याची धूप, वाळूची भर, वादळानंतरची मोजणी हे माझं रोजचं काम, आणि त्यातली वीसेक वर्षं याच पट्ट्यात गेली. मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बायकोच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

वाळू खरी आहे. आणि आणून टाकलेलीही आहे. दोन्ही कसं, ते सांगतो.

रत्नागिरीत आम्ही लहानपणापासून दोन समुद्रांची नावं घेतो. मांडवीचा काळा समुद्र आणि किल्ल्याच्या पलीकडे मिऱ्याच्या बाजूचा पांढरा समुद्र. पाणी एकाच अरबी समुद्राचं, रंग वाळूचे. माझ्या टेबलावर जॅमच्या दोन बरण्या आहेत, एकीत मांडवीची वाळू, दुसरीत पेन्साकोलाची. कुणी आलं की मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक आधी मांडवीच्या बरणीत फिरवतो. बाहेर काढलं की त्याला काळ्या दाढीसारखे खुंट फुटलेले असतात. तेच पेन्साकोलाच्या बरणीत फिरवलं तर पिशवी जवळजवळ कोरी निघते. मग भिंगाखाली दोन्हींचे दाणे बघायचे. मांडवीचे काळे, तपकिरी, मधूनच हिरवट, शिंपल्याचा एखादा चुरा. पेन्साकोलाचे सगळे एका जातीचे, काचेसारखे, कडा झिजलेल्या, मापही बरंचसं एकसारखं. साबुदाणा बारीक करून ठेवल्यागत.

ती सगळी गारगोटी आहे, म्हणजे क्वार्ट्झ. मालदीव किंवा लक्षद्वीपची पांढरी वाळू वेगळी. ती पोवळ्यांचा आणि शिंपल्यांचा चुरा असते. खात्री करायची असेल तर चमचाभर वाळूवर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर टाका. पोवळ्यांच्या वाळूवर बुडबुडे येतील, पेन्साकोलाच्या वाळूवर काही होणार नाही. ही गारगोटी आली अॅपलाचियन पर्वतातून, लाखो वर्षांत, नद्यांच्या पाण्याबरोबर. खडक झिजले, त्यातला फेल्डस्पार आणि अभ्रक वाटेत कुजून माती झाले, कणखर तेवढी गारगोटी उरली. पुढचं काम समुद्राचं. लाटांनी ती सुपात घेऊन इतकी पाखडली की फोलकट सगळं उडून गेलं. चालताना पायाखाली ती करकर वाजते, आणि भर दुपारीसुद्धा मांडवीसारखे तळपाय भाजत नाहीत, कारण बहुतेक ऊन ती परतवून लावते. डोळ्यांचे मात्र हाल होतात. काळा चष्मा न्या.

आता याच पांढरेपणाची दुसरी बाजू. नदी आजही ताजा माल आणत असती तर वाळूत माती, गाळ, रंगीत खनिजं दिसली असती. वाळू इतकी निवडलेली दिसते याचा अर्थ वरून नवीन काही येत नाही. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशेक मीटर खाली होती. बर्फ वितळून पाणी चढलं, नद्यांची तोंडं बुडली आणि त्यांच्या खाड्या झाल्या. एस्कॅम्बियासारख्या नद्या आपली वाळू आता खाडीच्या वरच्या टोकालाच टाकून मोकळ्या होतात, ती समुद्रापर्यंत पोचत नाही. किनाऱ्यावर जी आहे ती जुनी ठेव. पगार केव्हाच बंद झालाय, घर मुद्दलावर चाललंय.

त्या मुद्दलातून हे बेट बनलं. शाळेच्या भूगोलात पुळण, वाळूचा दांडा, खाजण असं वाचलेलं आठवत असेल. तारकर्लीजवळचं देवबाग पाहिलं असेल तर उत्तम. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. देवबाग एका टोकाला जमिनीला चिकटलेलं आहे. ती पट्टी दोन्हीकडून सुटी करा आणि सुमारे 64 किलोमीटर ताणा, म्हणजे सांता रोझा बेट होईल. त्यालाच बॅरियर आयलंड म्हणतात. रुंदी बहुतेक ठिकाणी अर्धा मैलसुद्धा नाही. दक्षिणेला मेक्सिकोचं आखात, उत्तरेला सांता रोझा साउंड नावाचं शांत, उथळ पाणी. पेन्साकोला बीच हे या बेटावरचं एक गाव. पश्चिम टोकाला 1834 मध्ये बांधून झालेला फोर्ट पिकेन्स, ज्याच्या दोन कोटींहून जास्त विटा गुलाम मजुरांच्या हातून लागल्या आणि जिथे 1886 ते 1888 या काळात अपाचे योद्धा जेरोनिमो कैदेत होता. गावाच्या दोन्ही अंगांचा बराच भाग 1971 पासून राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून राखीव आहे. कॉन्डोच्या गच्चीवरून दोन्हीकडे मोकळी वाळू दिसते ती त्यामुळे.

बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खडक येतो, जंजिऱ्यासारखा. इथे खडक नाही. वाळूखाली वाळू. हे बेट जागेवर बसून राहत नाही, आणि तेच त्याचं जगण्याचं तंत्र आहे. मोठं वादळ आलं की लाटा बेटाच्या डोक्यावरून जातात, आखाताच्या बाजूची वाळू खरवडून साउंडच्या बाजूला नेऊन टाकतात. समुद्राकडचा काठ मागे येतो, मागचा काठ पुढे सरकतो. सतरंजीची घडी उलगडत न्यावी तसं अख्खं बेट हळूहळू मुख्य भूमीकडे लोळतं. रिकाम्या बेटाचं यात काही बिघडत नाही. बिघडतं ते आपण त्यावर रस्ता, नळ, गटार आणि पंधरा मजली इमारत ठेवली की. मग आपल्याला बेट आहे तिथेच हवं असतं.

1995 मध्ये एकाच वर्षात दोन वादळं इथे धडकली, ऑगस्टमध्ये एरिन आणि 4 ऑक्टोबरला ओपल. त्यानंतर 16 सप्टेंबर 2004 ला आयव्हन. त्याचा डोळा अलाबामातल्या गल्फ शोअर्सपाशी जमिनीवर आला, म्हणजे पेन्साकोला त्याच्या उजव्या हाताला पडलं, आणि आपल्या गोलार्धात चक्रीवादळाची उजवी बाजू वाईट. दहा महिन्यांत, 10 जुलै 2005 ला, डेनिस थेट याच बेटावर. आयव्हननंतर मी पहिल्यांदा पूल ओलांडून आत गेलो तेव्हा रस्ता शोधावा लागला. दोन्ही बाजूंच्या घरांमधून वाळूची एक पांढरी नदी वाहून थिजल्यासारखी दिसत होती, पत्रपेट्यांची फक्त डोकी वर होती. एका घराच्या दिवाणखान्यात खिडकीच्या चौकटीपर्यंत वाळू आणि तिच्यावर, अगदी व्यवस्थित ठेवल्यासारखा, कुणाचा तरी फ्रिज.

ती वाळू ट्रकात भरून मुख्य भूमीवर टाकून द्यावी असं कुणालाही वाटेल. इथे तसं करत नाहीत, कारण तीच तर ठेव. मोकळ्या जागेत भल्यामोठ्या यांत्रिक चाळण्या लावल्या आणि काचा, खिळे, लाकडं वेगळी काढून वाळू परत किनाऱ्यावर पसरली. दिवसभर घर्रघर्र आवाज, गिरणीत उभं राहिल्यासारखं.

आता ‘आणून टाकलेली’ म्हणजे काय ते. गावापुढच्या 8.2 मैलांच्या, म्हणजे साधारण 13 किलोमीटरच्या किनाऱ्यावर 2003 मध्ये पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर भर घातली. आयव्हन आणि डेनिसने ती नेली, म्हणून 2005-06 मध्ये पुन्हा. मग 2016 मध्ये. आखातात काही मैल आत, तळावर योग्य वाळूचे साठे असतात. ड्रेजर तिथून पाणी आणि वाळू एकत्र उपसतो, जाडजूड पोलादी नळातून ती किनाऱ्यावर येते, तोंडाशी काळपट पाण्याचा लोंढा कोसळतो आणि बुलडोझर वाळू पसरत जातो. पहिल्या दिवशी ती राखाडी दिसते. लोक चिडून फोन करतात की आमचा बीच घाण केला! काही महिने ऊन-पाऊस लागला की तिचा रंग उजळतो.

रंगाच्या बाबतीत इथले लोक किती हळवे आहेत ते माझ्याच एका फजितीवरून कळेल. मुख्य भूमीची माती तांबडी आहे, आपल्या जांभ्याच्या मातीची बहीणच. ती बेटावर आणायला बंदी आहे, घराच्या पायाखाली भरायलासुद्धा. मुन्सेल नावाचं रंगांच्या चकत्यांचं एक पुस्तक असतं, साडीच्या दुकानातल्या शेड कार्डासारखं. त्यावर वाळू ठेवून रंग जुळवायचा, बसला तर ट्रक आत. वादळानंतरच्या धांदलीत माझ्या देखरेखीखालच्या कामावर एका कंत्राटदाराने पिवळसर भराव आणला. ढगाळ संध्याकाळ होती, मी नमुना घाईघाईत पाहिला आणि जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात शुभ्र चादरीवर हळद सांडल्यासारखा पट्टा. सात ट्रकांचा माल खरवडून परत पाठवला, आणि ते काम संपेपर्यंत शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई मला रोज सकाळी खुर्ची टाकून पाहत बसायच्या. तेव्हापासून रंग मी फक्त उन्हात बघतो.

भर घालून प्रश्न सुटतो का? नाही, वेळ मिळतो. वाळू पश्चिमेकडे सरकत राहते, शेवटी पेन्साकोलाच्या खाडीच्या तोंडाशी जाते, आणि तिथे आरमारासाठी खोल उपसलेला जहाजांचा मार्ग तिची वाट अडवतो. आमच्या मिऱ्याला वर्षानुवर्षं दगडी बंधारा घालतात, डागडुजी होते, पावसाळ्यात पुन्हा भगदाड पडतं. दगडापेक्षा वाळू घालणं मला केव्हाही बरं वाटतं. दगडी बंधारा मागची जमीन राखतो, पण पुढची पुळण हळूहळू खाऊन टाकतो, आणि पेन्साकोलाला पुळण हीच रोजीरोटी आहे. खर्च मात्र दर काही वर्षांनी येणार हे धरूनच चालायचं.

फुकटात काम करणारी एकच गोष्ट आहे, सी ओट्स नावाचं उंच गवत. वाऱ्याने उडणारी वाळू त्याच्या पात्यांत अडकते, गवत गाडलं जातं तसं वर वाढतं, आणि टेकडी तयार होते. कायद्याने ते तोडता येत नाही. टेकड्यांवर चढून फोटो काढू नका, लाकडी पायवाटांवरूनच जा. पावलांनी मुळं मोडली की त्या जागी वाऱ्याला खिंड मिळते, पुढच्या वादळात पाणी तिथूनच घुसतं.

तर कॉन्डो. प्रामाणिक उत्तर असं की हौस म्हणून घ्या, म्हातारपणाची गुंतवणूक म्हणून नको. आणि सही करण्याआधी काही कागद बघा.

पहिला जमिनीचा. 1947 मध्ये केंद्र सरकारने बेट एस्कॅम्बिया काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याला, दिलं ते विकायचं नाही या अटीवर, भाडेपट्ट्याने मात्र देता येतं. त्यामुळे गावातली घरं बहुतेक 99 वर्षांच्या पट्ट्यावर उभी आहेत. नवी मुंबईत सिडकोच्या जमिनीवर घर घेतलेल्यांना हे समजावून सांगायला नको. तुमच्या इमारतीच्या पट्ट्याची किती वर्षं उरलीत, नूतनीकरण आपोआप होतं की नव्याने बोलणी करावी लागतात, हे वकिलाकडून लेखी घ्या. दलाल म्हणेल, काळजी करू नका, सगळ्यांचं तसंच आहे. सगळ्यांचं तसं नाही. जमीन आपली नाही म्हणून मालमत्ता कर नाही, अशीही समजूत पूर्वी होती; 2014 मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढली.

दुसरा विम्याचा. पुराचा विमा आणि वादळी वाऱ्याचा विमा वेगळे असतात, आणि वादळाच्या विम्यात तुम्ही सोसायची रक्कम सहसा ठरावीक डॉलर नसून विमा रकमेच्या टक्क्यांत असते. कॉन्डोत इमारतीचा विमा असोसिएशनचा, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीसारख्या मालकांच्या संस्थेचा, म्हणून त्यांची पॉलिसी मागून घ्या आणि वादळानंतर तूट आली तर ती सभासदांवर कशी वाटली जाते ते वाचा. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला वादळानंतर असोसिएशनने जो आकडा कळवला त्यात गावाकडे चांगलं घर झालं असतं.

तिसरा इमारतीच्या तब्येतीचा. 24 जून 2021 ला मायामीजवळ सर्फसाइडमध्ये बारा मजली इमारत मध्यरात्री कोसळून 98 माणसं गेली. पुढच्या वर्षी फ्लोरिडाने तीन किंवा जास्त मजल्यांच्या कॉन्डोंसाठी ठराविक वयानंतरची तपासणी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी राखीव निधी सक्तीचा केला. खाऱ्या हवेत काँक्रीटच्या आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. मुंबईत समुद्रासमोर राहिलेल्यांनी हे पाहिलंय. तपासणीचा अहवाल मागा, आणि स्वतः तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये जाऊन खांब आणि छत बघा. तपकिरी ओघळ दिसले की तेच प्रश्न विचारा. नव्याने रंगवलेलं पार्किंग दिसलं तर जास्त विचारा.

घर बघायला जूनमध्ये जाऊ नका. तेव्हा सगळंच गोड दिसतं. जानेवारी-फेब्रुवारीत, उत्तरेकडून थंड वारा सुटून गेल्यावर जा. आखाताकडून साउंडपर्यंत आडवे चालत जा, दहा-पंधरा मिनिटांत बेट संपतं. वाटेत तुमच्या इमारतीसमोर टेकडी आहे का, किती उंच, तिच्यात खिंड कुठे, ते पाहा. फोर्ट पिकेन्सच्या रस्त्यावरही गाडी घालून या. आयव्हननंतर तो वाहतुकीला पुन्हा खुला व्हायला 2009 उजाडलं, आणि आजही जोराचा वारा असला की पाणी चढतं, वाळू येते, फाटक बंद होतं. आणखी एक, गावात यायला-जायला मुख्य वाट साउंडवरच्या पुलाची, आणि पुढे पेन्साकोला शहरात जायला खाडीवरचा तीन मैलांचा पूल. 16 सप्टेंबर 2020 ला, आयव्हनच्या बरोबर सोळा वर्षांनी, सॅली आलं तेव्हा बांधकामाचे बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी, सुटून त्या मोठ्या पुलावर आदळले आणि लोक 2021 च्या मेअखेरपर्यंत लांबून वळसा घालत होते.

मेक्सिकोच्या आखातातल्या 2010 च्या तेलगळतीबद्दलही लोक विचारतात. त्या जूनमध्ये तेल इथे पोचलं, पांढऱ्या वाळूवर तपकिरी पोळ्या पडल्या होत्या, हंगाम बुडाला. आज घर घेताना त्याचा विचार करायचं कारण नाही.

राहिला आई-बाबांचा प्रश्न. त्यांच्या मनात कोकणचा नियम पक्का असेल, ओहोटीला पाण्यात जायचं नाही. नियम रत्नागिरीला बरोबर आहे, तिथे दिवसातून दोनदा भरती येते आणि पाणी दोन-तीन मीटर चढतं-उतरतं. पेन्साकोलाला भरती दिवसाला साधारण एकच, आणि चढउतार हातभर. त्यामुळे घड्याळ बघून इथे काही कळत नाही. इथला धोका लाटांमुळे तयार होणाऱ्या ओढीचा आहे. किनाऱ्यापासून थोडं आत पाण्याखाली वाळूचा दांडा असतो. लाटांनी आत आणलेलं पाणी त्या दांड्याच्या खिंडीतून जोरात परत जातं. गंमत अशी की त्या खिंडीवर लाट फुटत नाही, म्हणून तीच जागा सगळ्यात शांत, हिरवीगार दिसते आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा, किंवा नुसते तरंगत हात वर करा.

झेंडे बघा. हिरवा, पिवळा, लाल. दोन लाल झेंडे म्हणजे पाणी बंद, गुडघाभरसुद्धा नाही. जांभळा म्हणजे जेलीफिश वगैरे. जीवरक्षकांच्या मनोऱ्यासमोरच बसा. खरं तर साठी ओलांडलेल्यांना मी साउंडच्या बाजूला नेतो. पाणी उथळ, लाट नाही, लांबवर कंबरभर. आई साडीत असतील तरी चालतील.

मे महिन्यात जाताय तर रात्री किनाऱ्यावर मोबाइलचा दिवा लावू नका. 1 मेपासून कासवं अंडी घालायला येतात आणि उजेडाने बिचकून परत फिरतात. बाबांनी कोकणातल्या कासवांच्या वेळासचं नाव ऐकलं असेल तर त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही. दिवसा मुलांनी खणलेले खड्डे संध्याकाळी बुजवून या, कासव त्यात पडलं तर निघता येत नाही.

आणि मुलीसाठी एक काम. फ्रिजला चिकटवायचं एखादं जोरदार चुंबक पिशवीत गुंडाळून बरोबर न्या आणि वाळूत फिरवायला सांगा. जवळजवळ काहीच चिकटणार नाही, ती कंटाळेल. मग पुढच्या सुट्टीत भारतात आलात की तेच चुंबक मांडवीला द्या तिच्या हातात.